चमक काढणारी काच

भादवा अर्धा सरला आणि पावसानं चार दिवस उघाड दिली, की दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत एक वास शिरतो. उग्र, थोडा लसणासारखा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. खिडकीशी बसलेली बाई डब्यातली पोळी खात असते, ती खातच राहते. मागच्या बाकावर दोघं जण कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलत असतात, त्यांचं बोलणं तुटत नाही. मी मात्र काच ओढून घेते. यंदा ती मध्येच अडकली. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या ना ताई, हवा येऊन राह्यली." मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि बंद केली. तो माझ्याकडं जरा नवलानं पाहत पुढं गेला.

बाहेर दोन्ही अंगांना कपाशी होती. पिवळी फुलं लागलेली, पानं धुतल्यासारखी. एका वावरात पाठीवर पंप घेतलेला माणूस दोन ओळींमधल्या तासातून चालला होता आणि त्याच्या पुढ्यात उडणारा पांढरा फवारा उन्हात क्षणभर इंद्रधनुष्य धरत होता. दिसायला सुंदर. ते मला अजूनही सुंदर दिसतं, याचाच मला धक्का बसतो.

दिग्रसला बसस्टँडमागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. ओळखपत्रांचे फोटो, शाळांचे निरोपाचे फोटो, हळदी, लग्नं, बारशी. बाई फोटो काढते म्हणून आधी लोक बिचकले, मग घरोघरच्या बायकांना तेच बरं वाटायला लागलं. मी सांगते ती गोष्ट ज्या वर्षाची आहे, त्याच्या मागची-पुढची सगळीच वर्षं कपाशीची वाईट होती. कधी बोंडात अळी, कधी पानांवर लाल्या, कधी बाजारात विचारणारं कुणी नाही. स्टुडिओच्या ओट्यावर टेकलेली माणसं कपाशीचं नाव काढताना आवाज खाली घ्यायची, घरातल्या जुन्या आजाऱ्याबद्दल बोलताना घेतात तसा.

आणि अशात एका वर्षी ती वाढली. पाऊस मोजूनमापून पडत गेला आणि पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, कमरेला लागली, छातीला लागली, मग डोक्याच्याही वर गेली. वावरात शिरलेला माणूस बाहेरून दिसेना. आत कोण आहे ते कळायला हाक मारावी लागायची. लोक एकमेकांच्या वावरात पाहुण्यासारखे जाऊन झाडाखाली उभं राहून यायचे.

त्याच दिवसांत बंडूभाऊ स्टुडिओत आला. जवळच्या एका गावात त्याचं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. दसऱ्याच्या आत त्याला दुकानावर मोठा बोर्ड लावायचा होता.

"माह्याच वावरातला फोटो पाह्यजे, ताई," तो म्हणाला. "हिरवीगार पऱ्हाटी, वर निळं आभाळ, अन् मधात फवारणारा माणूस. पाहणाराले वाटलं पाह्यजे की हे खरं हाय."

मी जाऊन नमुन्याचे काही फोटो काढून आणले आणि संगणकावर पाहून हिरमुसले. डोळ्यांना जे गच्च हिरवं दिसलं होतं, ते फोटोत पांढुरकं आलं होतं. भर उन्हात प्रत्येक पानावर चमक बसली होती, जशी स्टीलच्या ताटावर बसते. आभाळ तर धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखं. यावर उपाय काय, ते मी एका मासिकात वाचलं होतं. लेन्सच्या तोंडावर बसवायची एक काच असते. तिला पोलरायझर म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी यवतमाळला गेले.

तिथलं कॅमेऱ्याचं दुकान मला माहीत होतं. गल्ल्यावर बसणारे काका म्हातारे होते. कुणी काही विकत घ्यायला आलं की त्यांना ते विकण्यापेक्षा समजावून सांगण्यातच जास्त रस असायचा.

"लेन्सचं तोंड किती?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न मिलिमीटर."

त्यांनी तीन डब्या काढल्या आणि काउंटरच्या काचेवर ओळीनं मांडल्या. पहिली काच मला दिली. "फिरवून पाह्य." मी ती डोळ्यासमोर धरून कडेची रिंग फिरवली. काहीच बदललं नाही. "हे नुसतं रंगवलेलं भिंग हाय. नकली. गॉगल समज. बाजारात असेच जास्त येतात. म्हणून घेताना पैले फिरवून पाहावं."

दुसरी आणि तिसरी खऱ्या होत्या. एक साधी, एक सर्क्युलर. "डोळ्याले दोन्हीत फरक नाही," काका म्हणाले. "कॅमेऱ्याले हाय. साधी लावली तर तुह्या कॅमेऱ्याचा फोकस गोंधळते, उजेडाचं माप चुकते. जुन्या कॅमेऱ्याले चालत होती. तू ही सर्क्युलरच घे." मग त्यांनी काउंटरकडं बोट केलं. "आता हिच्यातून इथं पाह्य. सरळ नको, तिरपं पाह्य."

काउंटरच्या काचेत वरची ट्यूबलाइट, रस्ता, येणारी-जाणारी माणसं असं सगळं उलटं पडलेलं होतं. मी रिंग हळूहळू फिरवली. ट्यूबलाइट फिकी झाली. रस्ता विरला. माणसं गेली. आणि काचेखालच्या कप्प्यातले जुने कॅमेरे, त्यांचे चामडी पट्टे, एका लेन्सवरची बुरशी, सगळं लख्ख वर आलं. वरची काच आहे की नाही तेच कळेना. मी दचकून हात पुढं केला आणि बोटं काचेवर आपटली.

काका हसले. "सगळ्यांचं असंच होते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. पानाफुलाची चमक काढ, पाण्याची काढ. माणसावर बेतानं फिरवजो. तोंडावरचं तेज गेलं तर माणूस मातीचा दिसते. अन् दुसरं, ही काच नवीन काही देत नाही. असलेलं काढून टाकते फक्त."

मी मान हलवली. तेव्हा माझं लक्ष काचेकडं होतं, त्यांच्या बोलण्याकडं नव्हतं.

पुढचे चार-पाच दिवस मला खूळ लागल्यासारखं झालं. जे चमकतं ते सगळं मी त्या काचेतून पाहत सुटले. तलावाच्या काठी उभी राहून रिंग फिरवली तर पाण्यावरचं ढगाळ आभाळ उचलून बाजूला ठेवल्यासारखं गेलं आणि खाली गारगोट्या, शेवाळ, एक तुटकी चप्पल दिसली. एसटीच्या बंद खिडकीतून आत डुलक्या घेणारा ड्रायव्हर दिसला. अंगणातल्या मनीप्लांटचं पान कसं असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं असं वाटलं. वरवरचं काढलं की खरं दिसतं, असं मी तेव्हा लोकांना सांगायचे. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालाही थांबवून सांगायचे. एवढी खात्री मला पुन्हा कशाचीच वाटली नाही.

फोटोच्या दिवशी मी दहाच्या सुमाराला बंडूभाऊच्या वावरात पोचले. फवारणीवर गौतमभाऊ होता. त्याच गावचा, चाळिशीचा, काटक. स्वतःचं थोडं वावर सांभाळून तो दुसऱ्यांकडं रोजानं फवारणीला जायचा. त्याच्याइतका एकसारखा, न चुकता फवारा कुणी मारत नाही, असं लोक म्हणायचे. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो मीच काढले होते.

"जय भीम, वंदनाताई," तो पऱ्हाटीतून बाहेर येत म्हणाला. "आज तर आमी हिरो झालो म्हणा ना."

"जय भीम. तयार व्हा. चांगला शर्ट आणला का?"

"हाच चांगला हाय. दुसरा याच्याहून जुना."

त्यानं बादलीत दोन-तीन बाटल्यांमधलं औषध ओतलं, काठीनं ढवळलं आणि पंप भरला. हातांत मोजे नव्हते. नाकाला दुपट्टा बांधला होता, तो फोटोसाठी बंडूभाऊनं सोडायला लावला. "तोंड दिसू दे ना, बावा. नाईतर कोण फवारून राह्यलं कसं समजन?"

गौतमभाऊ आत शिरला. पऱ्हाटी त्याच्या डोक्याहून हातभर उंच. खालून वर फवारा मारावा लागत होता आणि मारलेलं सगळं पानांवरून परत त्याच्याच अंगावर गळत होतं. तो बाहेर आला तेव्हा शर्ट छातीला चिकटलेला होता. कपाळ, गाल, गळा, कोपरापासून बोटांपर्यंत हात, सगळं ओलं. उन्हात तो तेल लावलेल्या पैलवानासारखा चकाकत होता.

मी तसेच दहा-बारा फोटो घेतले. बंडूभाऊनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "ताई, तोंड लई चमकून राह्यलं. पांढरं-पांढरं दिसते."

"थांबा," मी म्हणाले आणि लेन्सवर ती काच बसवली.

रिंग फिरवली. आधी पानांवरची चमक गेली आणि खालून असा हिरवा वर आला की बंडूभाऊ नुसता "अरे" म्हणाला. पऱ्हाटीच्या शेंड्यामागचं आभाळ गडद निळं झालं. मग मी आणखी थोडी फिरवली. गौतमभाऊच्या कपाळावरची चमक गेली. गालांवरची गेली. गळ्यावरची, हातांवरची गेली. तो आत्ताच आंघोळ करून, कपडे बदलून वावरात आल्यासारखा दिसायला लागला. कोरडा, स्वच्छ, हसरा. मी बटण दाबलं.

मला तो घाम वाटला होता, असं मी पुढं कितीतरी लोकांना सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. वास माझ्याही नाकात होता. माझे डोळे चुरचुरत होते. तासाभरानं मी बोअरवर जाऊन तोंड धुतलं आणि घरी जाताना डोकं दुखत होतं. हे सगळं माझ्या अंगाला कळत होतं. फक्त डोळ्यांनी ठरवलं होतं की हा घाम आहे, आणि फोटो काढताना मी डोळ्यांचंच ऐकते.

निघताना गौतमभाऊ म्हणाला, "मले बी एक द्याल ना फोटो? घरी लावतो. शोभा म्हणते, तुमचा एकट्याचा फोटो नाईच."

"आणून देते," मी म्हणाले. तो पुन्हा पऱ्हाटीत शिरला. अजून अर्धं वावर बाकी होतं.

त्या संध्याकाळी मी फोटो बंडूभाऊच्या मोबाइलवर पाठवला. दुसरा दिवस दोन लग्नांच्या अल्बममध्ये गेला. तिसऱ्या दिवशी गौतमभाऊसाठी एक मोठी प्रत काढली आणि गावाला गेले. घराला कडी. शेजारची म्हातारी ओट्यावर तूर निवडत होती.

"गेले ना यवतमाळले," ती म्हणाली. "फवारून आला, अन् रात्रभर वकून राह्यला. सकाळी म्हणे, मले दिसून नाई राह्यलं. बंडूनं आपल्या गाडीत टाकून नेलं."

मी तिथूनच यवतमाळची गाडी पकडली. पिशवीत कॅमेरा होता आणि पुठ्ठ्यात घातलेला तो फोटो.

दवाखान्यात मी एका माणसाला पाहायला गेले होते. वॉर्डाच्या दारातच थांबले. एक नव्हता. दोन्ही भिंतींना लागून खाटा होत्या आणि जवळपास प्रत्येक खाटेवर फवारणारा माणूस होता. मारेगावकडचा, झरीकडचा, आर्णीकडचा. कुणाचा आजा, कुणाचा भाऊ. काहींचे हात कापडाच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले होते, कारण शुद्ध नसताना ते नळ्या उपसत होते. एक जण सारखा डावा हात वर-खाली करत होता. हात बांधलेला, तरी जेवढा हलेल तेवढा वर, खाली, वर, खाली. त्याची बहीण पायथ्याशी बसली होती. मी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "पंप मारून राह्यला थो."

मी आजवर कधी इतकी घाबरले नव्हते. गेले दोन महिने याच रस्त्यांनी मी बारशांना, शाळांच्या फोटोंना जात होते. दोन्ही बाजूंच्या वावरांमधून हीच माणसं पंप घेऊन चालली होती. मी त्यांना पाहिलं होतं. चांगला उजेड आहे असं वाटून दोन-तीनदा गाडी थांबवायला लावून त्यांचे फोटोही काढले होते.

गौतमभाऊ शेवटून दुसऱ्या खाटेवर होता. शुद्धीवर होता. त्याची बायको, शोभावहिनी, उशाशी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सरकून जागा दिली.

"कोण आलं?" गौतमभाऊनं विचारलं. डोळे उघडे होते. त्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"मी वंदना."

"फोटो आणला काय?"

मी पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं फोटो बाहेर घेतला, चारी कोपरे चाचपले आणि अंगठा मधोमध फिरवला. "कसा दिसून राह्यलो?"

"चांगला."

"तोंड हसरं आलं का?"

"आलं, भाऊ."

तो फोटो त्यानं उताणा छातीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून पडून राहिला.

तेवढ्यात वहिनी मला बाजूला घेऊन गेली. तिचा आवाज बसला होता. "ताई, बंडूभाऊ खाली चौकीत हाय. थो जमादाराले सांगून राह्यला का यायनं औषध पिलं म्हणून. दारूच्या बाटलीसारखं तोंडाले लावलं म्हणते. म्या यायले सकाळी भाकर बांधून देल्ली होती. हसत गेलते. पेणारा माणूस भाकर कायले नेईन?"

चौकी म्हणजे तळमजल्यावरची एक लहान खोली. तिथं एक वयस्क जमादार आलेल्या प्रत्येक रुग्णाचा जबाब लिहून घेत होता. समोर बंडूभाऊ बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. गेले दोन दिवस तो दवाखान्यातून हलला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर माझा फोटो.

"हे पाहा ना साहेब, त्याच दिवशीचा हाय," तो म्हणत होता. "अंगावर एक थेंब तरी दिसते का? कोरडा ठणठणीत माणूस. मंग औषध आत गेलं कसं? तोंडानंच गेलं असन ना."

जमादारानं फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "कोरडाच दिसते," तो म्हणाला आणि लिहायला लागला.

मी काढलेल्या फोटोंनी आजवर माणसांची लग्नं जमली होती, दाखले मिळाले होते, मेलेल्यांच्या भिंतीवर हार चढले होते. माझा फोटो एखाद्या माणसाविरुद्ध उभा राहील, हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

"साहेब, लिहू नका," मी म्हणाले. "तो फोटो माझा आहे. तो कोरडा नव्हता."

जमादारानं चष्म्यावरून पाहिलं. "मंग हे काय हाय?"

मी कॅमेरा काढला आणि काच बसवायच्या आधीचे फोटो दाखवले. एकेक करून. चकाकणारं कपाळ. हनुवटीवरून लोंबणारा थेंब. छातीला चिकटलेला शर्ट, इतका ओला की आतल्या बनियनची शिवण दिसत होती. मग पुढचा फोटो. तोच माणूस, तीच जागा, कोरडा.

"मधात काय केलं? पुसलं त्याले?"

त्याच्या टेबलावर जाड काच होती आणि तिच्यात खिडकीचा उजेड पडला होता. मी पोलरायझर त्याच्या हातात दिला. "यातून तिरपं पाहा आणि कड फिरवा." त्यानं फिरवली. थांबला. परत उलटी फिरवली. टेबलावरच्या काचेखाली ड्यूटीचा तक्ता होता आणि एका लहान मुलीचा फोटो. त्यानं चष्मा काढून तो पाहिला, मग काचेतून पुन्हा पाहिला.

"म्हणजे हे तुमी घालवलं," तो म्हणाला.

"हो. मी घालवलं."

"कायले?"

"फोटो चांगला दिसावा म्हणून."

मग बंडूभाऊ म्हणाला, "वंदनाताई, माह्यावर काहून उलटून राह्यल्या? मी का त्याले मारायले पाठवलं होतं? थेच औषध मी इकतो, थेच माह्या वावरात मारतो. मी बी त्या दिवशी वकलो घरी येऊन. मले का माहीत होतं असं होते म्हणून?"

"मग तेच सांगा साहेबांना," मी म्हणाले. "तुम्हालाही झालं, हे सांगा."

बंडूभाऊनं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "लिहा साहेब," तो म्हणाला. "मी दुपट्टा सोडायले लावला होता त्याले. थे बी लिहा."

जमादारानं आधीची ओळ खोडली. खाली लिहिलं की फवारणी करताना अंगावर आणि तोंडावर औषध पडून विषबाधा झाली. मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि फोटोंच्या प्रती आणून द्यायला सांगितलं. मी सही केली, ती माझ्या इतर कुठल्याच सहीसारखी आली नाही.

वर आले तेव्हा डावा हात हलवणाऱ्या माणसाची खाट रिकामी होती. चादर काढून नेली होती. त्याच्या बहिणीची पिशवी तेवढी भिंतीशी राहिली होती, आणि थोड्या वेळानं ती येऊन घेऊन गेली.

गौतमभाऊ वाचला. पुष्कळ दिवसांनी घरी आला. नजर परतली, पण पूर्ण नाही. सकाळी धुकं असतं ना, तसं दिवसभर असते, असं तो सांगतो. सुईत दोरा ओवता येत नाही, समोरून येणारा माणूस आवाजावरून ओळखतो. बंडूभाऊनं तो बोर्ड लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुकानच बदललं, आता तो सिमेंट विकतो. रस्त्यात भेटला तर थांबतो, मुलाबाळांचं विचारतो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

ती काच मी टाकून दिली नाही. पुष्कळांना वाटतं टाकली असेल. काचेचा काय दोष? तिनं जे करायचं तेच केलं. काकांनी मला दुकानात सांगितलं होतं आणि मी नुसती मान हलवली होती. आजही तलावाचे, डोंगराचे फोटो काढताना ती लावते. माणूस समोर आला की काढून ठेवते. घामानं डबडबलेला नवरदेव पांढरा दिसतो म्हणून लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

अल्बम चाळताना कधी ते पहिले दहा-बारा फोटो समोर येतात. फोटो म्हणून ते वाईट आहेत. उजेड कडक, पानं पांढरी, चेहऱ्यावर डाग पडल्यासारखी चकाकी. त्यांच्याकडं पाहताना दर वेळी वाटतं, हे सगळं इतकं उघड होतं. फोटोतला प्रत्येक चौरस इंच तेच सांगत होता. आणि मी तिथं पाच हातांवर उभी राहून ते दुरुस्त करत होते.

त्यानंतरच्या वर्षी, याच दिवसांत, मी गौतमभाऊला भेटायला गेले होते. तो ओट्यावर बसून दोर वळत होता. हात सराईत, नजर भलतीकडं.

"वहिनी कुठंय?"

"वावरात," तो म्हणाला. दोर वळायचा थांबला नाही.

त्यांचं वावर गावाला लागूनच. मी चालत गेले. पऱ्हाटी त्या वर्षी कमरेएवढीच होती, त्यामुळं लांबूनच दिसली. गौतमभाऊचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवलेला, तोंडाला दुपट्टा गच्च बांधलेला, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून मनगटावर दोरीनं आवळलेल्या. पाठीवर पंप. तासाच्या शेवटाला आली तेव्हा तिनं मला पाहिलं आणि नळी बंद केली.

"वहिनी, तुम्ही?" मी विचारलं.

"मंग कोण करन?" दुपट्ट्याआडून ती म्हणाली. "यायले तर शेंडा दिसत नाई. दुसऱ्याले सांगावं, तर त्याच्याही घरी कोणी असनच ना."

इतक्या सगळ्यानंतर, तो वॉर्ड, त्या बांधलेल्या हातांच्या रांगा पाहिल्यानंतर ही बाई तोच पंप पाठीवर घेऊन उभी होती. आणि मी तिला काय सांगणार होते? नका मारू, असं? बोंडं अळीला द्या, असं?

"वारा पाहूनच मारतो मी," माझा चेहरा पाहून तीच म्हणाली. "घरी गेलो का आंधी आंघोळ. पोरीले जवळ येऊ देत नाई. आता समजलं सारं आमाले."

तिनं ओली पिशवी घातलेला हात वर करून वारा कुठून येतो ते पाहिलं. मग माझ्याकडं वळली. मी तिच्यापासून चार पावलांवर, फवाऱ्याच्या वाटेत उभी होते.

"ताई, तुमी त्या वरच्या धुऱ्यावर जा," ती म्हणाली. "इकडं तुमच्या अंगावर येईन."

तिनं नळी चालू केली आणि पाठ फिरवून पुढच्या तासात शिरली. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तिथं हवा स्वच्छ होती.